पुस्तकांत ठेवलेली पत्रकं

भाचीच्या पहिल्या चित्रप्रदर्शनाची जाहिरात ग्रंथपालमामांनी जवळजवळ फुकटात केली होती. दीडशे पत्रकं हातानं लिहून त्यांनी वाचनालयाच्या पुस्तकांत सरकवली होती. कुणाशी बोलावं लागलं नाही, हेच त्यांना बरं वाटलं होतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बहिणीनं विचारलं, "दादा, कुठल्या पुस्तकांत रे?"

"माझ्या आवडीच्या."

"म्हणजे कुणी हातही न लावलेल्या! पोरगी उद्या चित्रं काय खुर्च्यांना दाखवणार?"

मामा तडक वाचनालयात गेले. कपाटं उघडली, तर सगळी पत्रकं जागच्या जागी! ती घेऊन ते वाचनालयाच्या दारात उभे राहिले. समोरून एक बाई आल्या.

"कसलं पत्रक?"

मामांना पळून जावंसं वाटलं.

"भाचीची चित्रं आहेत," ते कसेबसे म्हणाले, "उद्या याल ना?"