उन्हाच्या भिंतीपाशी

दक्षिणेकडे तोंड करून बसलेला मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. नॉर्वेच्या डोंगरमाथ्यावर, एका लाकडी घराच्या भिंतीला माझी पाठ लागलेली आहे. या घरात वाढलेल्या आयलिफच्या वडिलांनी मला पाइनच्या फळ्यांतून घडवले. रंधा मारता मारता ते गुणगुणत,

ये रे उन्हा, बस रे उन्हा,
हाडांत माझ्या मुर रे उन्हा.

गाणे खोटे नव्हते. खाली दरीत हिवाळाभर सूर्य डोंगराआड असतो. माणसे मलूल होतात, चिडतात. अंगावर ऊन पडले की कातडीतच हाडांना बळ देणारे जीवनसत्त्व तयार होते, मनावरचे मळभ सरते. म्हणून वसंताच्या सुरुवातीला ईस्टरची सुट्टी लागली की सगळी दरी पायांना स्की बांधून वर येते, संत्री सोलते आणि भिंतींना टेकून बसते. जो जास्त रापून खाली उतरेल त्याची सुट्टी सार्थकी लागली, असे इथे मानतात.

आयलिफ लहानपणापासून यात पहिला. सदरा काढायचा आणि माझ्यावर पालथा पडायचा. वारा गार, त्यामुळे चटका कळत नसे. वरून ऊन, खालून बर्फावरून उसळलेले ऊन. मग पाठ सोलायची, सालपटे माझ्या फटींत अडकायची. वारा ती उडवून न्यायचा. पण कातडी काही विसरत नाही, मित्रांनो. प्रत्येक चटका ती आत जपून ठेवते.

पुढे तो बाप झाला, तेव्हा त्याच्या पाठीवर, खांद्याखाली एक तीळ दिसू लागला. मसुरीएवढा. पुढच्या ईस्टरला त्याची कड फाटल्यासारखी झाली होती. रंग कुठे काळा, कुठे निळसर. मला दिसत होते. पण बाकाला वाचा कुठली?

त्याच्या मुलीला, तोर्दिसलाही ते दिसले.

"बाबा, हा तीळ असा वेडावाकडा कधी झाला?"

"अगं, चॉकलेट सांडलं असेल. चाटून बघ!"

"चेष्टा नको. डॉक्टरांना दाखव."

त्याची बायको बोर्गिल्ड कॉफी घेऊन बाहेर आली. "तो कसला जातोय! दात दुखला तरी लवंग चावत बसतो."

"बर्फ वितळला की जातो," आयलिफ म्हणाला. "आत्ता हे ऊन सोडून जाऊ होय?"

बर्फ वितळला. मग होडी रंगवायची निघाली, मग गवत कापायचे. तो डॉक्टरांकडे गेला तेव्हा पाने गळत होती. तीळ कापून काढला. पण तो कातडीचा कर्करोग होता आणि फुप्फुसापर्यंत पोचला होता.

पुढच्या ईस्टरला ऊन आले. आयलिफ आला नाही.

आता तोर्दिस आपल्या लेकराला घेऊन येते. सकाळी त्याला टोपी घालून माझ्यावर बसवते. दुपार चढली की मला ओढत सावलीत नेते. शेजारी चिडवतात, "काय गं, उन्हाला घाबरलीस?"

"घाबरले नाही. ओळखून आहे."

मित्रांनो, ऊन घ्या, पण बेताने घ्या. तीळ बदलला तर त्याच आठवड्यात दाखवा. आपली पाठ आपल्याला दिसत नाही. ती दुसऱ्यानेच पाहायची असते. तुमच्या बाबांची पाठ अलीकडे कुणी पाहिली आहे का?