पाणी तयार होईपर्यंत

छोटी भावाकडे राहायला आली ती दोन-चार कपडे आणि औषधांची पिशवी घेऊन. आठव्या महिन्यात तिची मुलगी गेली होती. जन्मली तीच श्वास न घेता. छोटीला भूल दिलेली. ती शुद्धीवर आली तोवर सगळं उरकलं होतं. हॉस्पिटलातून घरी पोचली तर बाळाची खोलीही रिकामी. पाळणा, दुपटी, भिंतीवर चिकटवलेले कागदी ससे, सगळं नवऱ्याने कुणाकुणाला देऊन टाकलं होतं. तिला त्रास होऊ नये म्हणून. त्या खोलीच्या दारात उभ्या उभ्याच तिने फोन लावला, "दादा, मी येते तुझ्याकडे."

दादाचं खाली फ्रिज दुरुस्तीचं दुकान आणि वर दोन खोल्या. लग्नाच्या भानगडीत तो कधी पडला नाही. कॉम्प्रेसरच्या आवाजावरून त्याला बिघाड कळायचा, पण माणसाशी काय बोलावं ते सुचायचं नाही. छोटी बालवाडीत शिकवायची. तिथे तिने लांब रजा टाकली होती. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. दादा मधेच वर यायचा, "चहा टाकू?" विचारायचा. ती "नको" म्हणायची. तो टाकायचाच, आणि चहा तिच्या उशाशी गार व्हायचा.

एकदा तो एका मासेविक्याच्या दुकानात फ्रिज बघायला गेला. शोभेचे मासे विकणारं दुकान. फळीवर प्लास्टिकच्या पेल्यांत एकेक निळा-तांबडा मासा ठेवलेला, लांब झुपकेदार पंखांचा. मासेवाला त्यांना बेट्टा म्हणत होता, पण त्याच्या तोंडी तो शब्द अगदी 'बेटा' असाच यायचा. "हा बेटा एकटाच राहतो बघा. दुसरा दिसला की मारामारी."

"एवढ्याशा पाण्यात जगतो?"

"मरत नाही, एवढंच. जगायला त्याला ऊब लागते, झाडं लागतात."

दादाच्या मनात ते वाक्य घर करून बसलं. फ्रिज सुरू झाल्यावर तो काचेची छोटी टाकी, हीटर, स्पंजचा फिल्टर आणि ओल्या कागदात गुंडाळलेली झाडं घेऊन घरी आला. वर येऊन म्हणाला, "मासा पाळतोय. फायटर म्हणतात त्याला." 'बेटा' हा शब्द त्याच्या तोंडातून निघेना.

छोटीच्या पलंगासमोरच्या टेबलावर त्याने मांडामांड केली. तळाशी माती, वर धुऊन घेतलेली बारीक खडी. पाणी पडून माती उसळू नये म्हणून बशी ठेवून तीवर हळूहळू ओतलं. जाड पानांचं झाड मातीत पुरायचं नाही, कुजतं. ते लाकडाला दोऱ्याने बांधलं. हीटर सव्वीस अंशांवर लावला. माशाला खळखळाट सोसत नाही म्हणून फिल्टरची हवा कमी केली.

"आयुष्यभर गार करत आलो," तो स्वतःशीच म्हणाला, "आता गरम करायला शिकतोय."

छोटी कुशीवर वळून बघत होती. हसली नाही, पण बघत होती. दिवा लागला, पाण्यात हिरवा उजेड पसरला. दादाने काचेवरचे थेंब पुसले आणि मोठ्या हौसेने म्हणाला, "आता मासा आणायला अवकाश आहे हं. काही आठवडे टाकी अशीच ठेवायची. पाणी तयार व्हावं लागतं."

तो दुकानात गेला आणि जेवायला वर आला तेव्हा टाकीवर चादर टाकलेली होती.

"दिवा डोळ्यांवर येतो का गं?"

"ऊब आहे, उजेड आहे, सगळं मांडून ठेवलंय," छोटी म्हणाली. "आणि आत कुणी नाही. मी परत हेच बघत बसू का, दादा?"

हे दादाच्या डोक्यातच आलं नव्हतं. "चुकलंच माझं. उचलतो, आत्ता उचलतो." त्याने घाईघाईने प्लग काढला, पाणी उपसायला बादली ओढली.

"हात लावू नकोस!"

ती उठून बसली होती. गेल्या कित्येक दिवसांत तिचा आवाज एवढा चढला नव्हता. "सगळे उचलूनच नेतात. मला कुणी विचारतच नाही. मला बघायचं होतं रे तिला. ती खोलीसुद्धा मला एकदा होती तशी बघायची होती. राहू दे ते."

दादा बादली धरून तसाच उभा राहिला. मग त्याने प्लग पुन्हा लावला. चादर तिने स्वतःच काढली.

त्यानंतर टाकीचं काम हळूहळू तिच्याकडे गेलं. मासेवाल्याने सांगितलेलं दादा तिला सांगायचा. चिमूटभर खाद्य टाकून पाण्यात कुजू द्यायचं, म्हणजे घाण पचवणारे जंतू धरतात. मग काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. हिरवं झालं तर पाणी अजून विषारी, पिवळं राहिलं तर तयार. छोटी उजेडाकडे नळी धरून बघायची. हिरवं. पुन्हा हिरवं. झाडांची जुनी पानं विरघळून गळाली तेव्हा तिचं तोंड पडलं, पण बुंध्याशी कोवळं पान दिसलं तेव्हा तिने हाक मारून दादाला खालून वर बोलावलं. तोही गिऱ्हाईक सोडून धावत आला.

नवऱ्याचा फोन रोज दादाकडे यायचा. तो छापखान्यात मशीन चालवायचा. सुटला की तिथूनच फोन करायचा. "दादा, जेवली का ती?" एवढंच विचारायचा. छोटी फोन घ्यायची नाही. एका संध्याकाळी मात्र तिने हात पुढे केला.

"पाणी पिवळं राहिलंय," तिने त्याला सांगितलं. पलीकडे तो काय समजला कोण जाणे. "रविवारी मासा आणणार आहोत. ये."

तो आला. दाढी वाढलेली, शर्टाच्या बाहीवर शाईचे डाग. मासेवाल्याच्या दुकानात छोटीने फळीवरचा पहिलाच पेला उचलला होता, निवडानिवड केली नाही. माशाची पिशवी टाकीत तरंगत ठेवली होती, पाण्याची ऊब एकसारखी व्हावी म्हणून. दोघं टाकीसमोर बसले. दादा स्वयंपाकघरात कपबशा काढत राहिला, पण मधे नुसता पडदा होता.

"मला वाटलं, तुला बघवणार नाही," नवरा म्हणाला.

"तू बघितलंस ना तिला?"

"हो."

"मग सांग."

"केस होते गं. काळे, दाट. डावा कान जरा दुमडलेला, तुझ्यासारखा. मूठ घट्ट मिटलेली. मी बोट घालून बघितलं. उघडली नाही." त्याने बाहीने डोळे पुसले. "माझ्याकडे दिली होती त्यांनी. मी तुला सांगणार होतो. घरी आल्यावर सांगेन म्हटलं, आणि तू निघून गेलीस."

"गरम होती?"

"हो. थोडा वेळ."

दादाने हातातली बशी आवाज न करता खाली ठेवली. बाहेर त्याचा मेहुणा तोंड झाकून रडत होता. छोटीने पिशवीची गाठ सोडली आणि ती पाण्यात कलती केली. मासा बाहेर आला, तळापर्यंत गेला, पानामागे दडला, मग वर येऊन हवेचा घोट घेऊन पुन्हा खाली गेला. ती बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

त्या दिवशी ती त्याच्याबरोबर गेली नाही. तो दर सुट्टीला येत राहिला. बालवाडीचं नवं वर्ष सुरू झालं तशी छोटी आपल्या घरी परतली. टाकी दादाकडेच राहिली; हलवली तर रुजलेली झाडं उखडली असती. संसार पुन्हा उभा राहिला, पण मूल पुन्हा झालं नाही. त्यांनी वाट बघितली, मग बघणं सोडून दिलं. त्याबद्दल दादाने कधी विचारलं नाही. फोनवर ती माशाची चौकशी करायची, तो सांगायचा.

मासा दोनेक वर्षं जगला. शेवटी शेवटी पानावरच टेकून राहायचा, खाणं सोडलं होतं. एका सकाळी दादाने दिवा लावला तर तो खडीवर आडवा पडलेला. दादाने छोटीला फोन केला आणि सरळ सांगून टाकलं. आडपडदा ठेवायचा नाही, एवढं तो शिकला होता.

पलीकडे ती रडायला लागली. त्याच्या घरी होती तेव्हा ती एकदाही रडली नव्हती. आता हमसून हमसून रडत होती, थांबायचं नाव नव्हतं. दादा फोन कानाला धरून उभा राहिला. खाली कुणी गिऱ्हाईक शटर वाजवत होतं. त्याने वाजवू दिलं.