डब्यातलं शेवटचं मीठ

चित्रातून निळं पाणी गळत होतं आणि ठाण्यातल्या त्या प्रदर्शनाच्या बाई हातात फडकं घेऊन माझ्याकडे बघत होत्या. "दर्शनाताई, हे काय झालं?"

काय सांगू, कपाळ माझं! चित्रकला मी कुठे शिकलेली नाही, पण मिठागरवाल्याची पोर आहे. दमट हवेत मीठ पाणी सोडतं हे मला कळू नये? प्लायवर पोस्टर कलर, फुटक्या बांगड्या चिकटवून केलेल्या कोंड्या, म्हणजे मीठ पिकवायचे चौकोनी वाफे, काठावर बाटल्यांच्या झाकणांची लाल बिल्डिंग. आणि कोंड्यांत खरं मीठ. पांढरा रंग चालला नसता का? नाही, मला खरं मीठच पाहिजे होतं.

तेही बाबांचं. दिवा गावातलं आमचं मिठागर बुजवलं, वर सात मजले चढले, तेव्हा बाबांनी शेवटचं दोन मुठी मीठ डब्यात भरून ठेवलेलं. वीस वर्षं कोणाला हात लावू दिला नाही. मी न विचारता घेतलं. आणि माझ्या चित्रांना आयुष्यभर भंगार म्हणणारे बाबा आज पहिल्यांदाच बघायला आलेले. सकाळपासून उभी होते, पाय नुसते ठणकत होते. म्हटलं जाऊ दे, काय शिव्या खायच्या त्या उभ्यानेच खाऊ.

बाबा काठी टेकत चित्राजवळ गेले. ओघळाला बोट लावलं, जिभेवर ठेवलं.

"आपलंच हाय."

मी पुढे सरकले. "चुकलं माझं, बाबा. विचारायला हवं होतं."

त्यांचं लक्षच नव्हतं. बाईंचं फडकं पुढे आलं तसे ते ओरडले, "ए बाय, पुसू नको! पुसलंस तर गेलं सगलं. सुकू दे. सुकलं की मीठ परत वर येतं."

"पण काका, सहाला पाहुणे येणार आहेत."

"येऊ देत. पंखा फिरव हिकडं."

बाईंनी पंखा फिरवला. बाबांनी खुर्ची ओढली आणि चित्रासमोर बसले, पूर्वी कोंडीच्या बांधावर बसायचे तसे. मग काठीचं टोक लाल झाकणांकडे केलं.

"बाये, ही बिल्डिंग लाल का केलीस?"

पन्नास वर्षांत माझ्या चित्राबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मला रडूच फुटलं.

"सांगते," म्हटलं, आणि त्यांच्या पायाशी फरशीवर बसले.