शेंगतेल पाजलेला क्रॉस

मी एक जुना क्रॉस आहे. कॅम्पातल्या चर्चवर असतो तो नव्हे, मित्रांनो. मी जीपच्या पोटाखालचा. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा एक लांब दांडा असतो, त्याला शाफ्ट म्हणतात. खड्ड्याखड्ड्यात तो वरखाली होतो. तो मोडू नये म्हणून त्याच्या टोकाला चार हातांचा लोखंडी सांधा बसवतात, तो मी. माझ्या प्रत्येक हातावर एक टोपी असते, तिला कप म्हणतात. कपाच्या आत सुयांसारखे बारीक रूळ असतात, आणि त्यांच्यात ग्रीस. मला जगायला एवढंच लागतं. त्याऐवजी मला जे पाजलं गेलं, ते आता सांगतो.

कारखान्यातून मी बाहेर पडलो तेव्हा माझ्या हातांत तोंड दिसायचं. निपाणीच्या शामू मिस्त्रींनी मला बाबगोंडाअण्णांच्या जीपला बसवलं. दर महिन्याला ते गाडीखाली शिरून मला पोटभर ग्रीस द्यायचे. मी तंबाखूची बोदं, म्हणजे मोठाली पोती ओढली, ऊस ओढला. दर अमावास्येला अण्णांच्या बायकोला, राजमतीआक्कांना घेऊन तवंदीचा घाट चढलो, स्तवनिधीच्या जैन मंदिराचं दर्शन घडवलं. आक्कांचे गुडघे गेलेले, एसटीची पायरी त्यांना चढवत नव्हती. "आवाज न्हाय का हिसका न्हाय, पाळण्यात बसल्यागत वाटतंय," असं त्या म्हणायच्या. ते मला ऐकू यायचं आणि बरं वाटायचं.

मग शामू मिस्त्री थकले आणि गॅरेज बंद झालं. त्याच चातुर्मासात मंदिराच्या कट्ट्यावर कुणीतरी म्हणालं की ग्रीसमध्ये जनावराची चरबी असते. झालं! अण्णा पाणी गाळून पिणारे, दिवस मावळला की अन्नाला न शिवणारे. त्यांनी त्या दिवशीच ग्रीसचा डबा उकिरड्यात पुरला. कुठल्या कंपनीचं, कशाचं, काही विचारलं नाही. दुसऱ्या गॅरेजलाही गाडी नेली नाही, कारण तिथले लोक न सांगता ग्रीस भरतील. घरच्या शेंगांचं घाण्यावर काढलेलं तेल कुपीत भरून ते गाडीखाली आले आणि मोठ्या भक्तिभावानं माझ्यावर ओतू लागले.

शी! खाण्याचं तेल ते, लोखंडाला कसं पुरणार? अर्धं गळून जायचं आणि उरलेलं आंबून चिकट व्हायचं. त्याला खवट वास सुटायचा. त्यावर तंबाखूची भुकटी आणि रस्त्यावरचं शेण बसून लगदा व्हायचा. कपांच्या तोंडावरची रबरं फुगली आणि फाटली. शेणात लोळणाऱ्या म्हशीलासुद्धा आठवड्यातून एकदा तळ्यावर नेतात. मला तीन वर्षं कुणी फडकं लावलं नाही. त्या फाटक्या रबरांतून रात्री माझ्या आत जे शिरायचं आणि सकाळी गाडी सुरू झाली की माझ्याच हातून जे व्हायचं, ते सांगायला मला लाज वाटते. म्हणून जरा थांबतो.

अण्णांची लेक क्षमा मच्छे गावच्या कारखान्यात यंत्रांचे भाग तपासायच्या कामाला आहे. दिवाळीला ती घरी आली आणि गाडीनं गिअर बदलताच माझा 'टक्' असा आवाज तिनं ऐकला. तिनं खाली वाकून मला हलवलं. मी खिळखिळा झालो होतो.

"अण्णा, ह्यो क्रॉस तुटला तर शाफ्ट खाली पडंल आणि रस्त्यात रुतंल. घाटात गाडी आईसकट उलटंल. परवा अमावास्या हाय."

"मग नवा घाल की. पर ग्रीस न्हाय लावायचं. चरबी असती त्यात."

"कोण म्हणालं?"

"सगळीच म्हणत्यात."

"तुम्ही डबा वाचलासा?"

आक्का उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "अमावास्या चुकली तर चालंल, पर तुम्ही दोघं भांडू नका बाई."

क्षमा भांडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं चाकांना दगड लावले आणि अंगणात पोतं अंथरलं. घरात हत्यारं ती किती? हातोडी, पक्कड, चार पाने, पान्याच्या दोन पोकळ लोखंडी गोट्या आणि शेजाऱ्याकडून मागून आणलेला व्हाइस, म्हणजे दांडा फिरवून आवळायचा शिकंजा. शाफ्ट परत होता तसाच बसावा म्हणून तिनं आधी खडूनं खुणा केल्या, मग नट सोडवून तो खाली उतरवला. कप धरून ठेवणाऱ्या तारेच्या कड्या पकडीनं काढल्या. व्हाइसमध्ये माझ्या एका बाजूला लहान गोटी लावली, दुसऱ्या बाजूला मोठी, आणि दांडा फिरवायला लागली. लहान गोटीनं ढकलायचं आणि कप मोठीत पडायचा, एवढंच काम. पण माझे कप गंजून बसले होते. अण्णांनी हातोडीचे दोन ठोके घातले तेव्हा पहिला कप निघाला.

वास असा आला की क्षमानं काळ्या हातानंच नाक झाकलं. अण्णांनी कप तळहातावर उपडा केला. सुया नव्हत्याच, त्यांची तांबडी पूड झाली होती. आणि त्या पुडीत मुंग्या होत्या. शेंगतेलाच्या वासानं आत शिरलेल्या, सुयांखाली चिरडलेल्या. काहींची नुसती डोकी, काहींचे पाय. दुसऱ्या कपात तेच निघालं. तिसऱ्यात, चौथ्यातही तेच.

मित्रांनो, तीन वर्षं रोज सकाळी मी तो घाणा फिरवला. मला स्वतःची किळस येते.

अण्णा पोत्यावर खाली बसले. "किती असतील गं?" त्यांनी विचारलं.

"मोजू नका अण्णा."

मग तिनं सकाळीच बाजारातून आणलेला नवा क्रॉस पिशवीतून काढला, ग्रीसचा डबा काढला आणि एक कागद त्यांच्या हातात दिला. आईकडून फोनवर चरबीचं ऐकल्यावर त्या कंपनीला तिनं महिन्याभरापूर्वीच विचारलं होतं. उत्तर दोन ओळींचं होतं: आमच्या या ग्रीसमध्ये एरंडेल आणि खनिज तेल आहे, प्राण्याची चरबी नाही.

अण्णांनी कागद दोनदा वाचला. "इचारलं असतं तर..." एवढंच म्हणाले. नव्या क्रॉसच्या चारही कपांत ग्रीस त्यांनी स्वतःच्या बोटानं भरलं.

अमावास्येला आक्का स्तवनिधीला जाऊन आल्या. मला भंगारात टाकायला निघाल्या, तेव्हा अण्णांनी मला काढून घेतलं आणि ओसरीच्या खिडकीत ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या गाडीला, सायकलीला, विहिरीच्या रहाटाला काय लागतं ते जाणत्याला विचारा आणि तेच द्या. तुमच्या मनाच्या समाधानासाठी आमच्या अंगावर काहीतरी ओतू नका. अण्णा आता दर महिन्याला गाडीखाली शिरण्याआधी खिडकीपाशी येतात आणि मला हातात घेतात. आक्का कितीदा म्हणाल्या, तरी ते मला पुसू देत नाहीत. माझ्या एका हातावर अजून दोन मुंग्या चिकटलेल्या आहेत.