उंबऱ्याबाहेरची तुळसा

पहिली काठी तानाजीच्या कोपरावर बसली, तेव्हा त्याचा दुसरा हात पोराच्या, रतनच्या खांद्यावर होता. हाड मोडल्याचा आवाज तुळसाला रस्त्यावर ऐकू आला. डोक्यावरचा गवताचा भारा टाकून ती शाळेच्या अंगणात धावली. तोवर नवरा खाली पडला होता आणि कोपऱ्या घातलेली गावातली माणसे त्याला तुडवत होती. सगळ्यांच्या पुढे होता मिठागरावरचा मुकादम धाकू.

महारवाड्यातल्या पोरांनी शाळेच्या पडवीत बसायचे, असा गावाचा रिवाज. सरकारी शाळेत कुणाला मज्जाव नाही, हे पलटणीतून पेन्शन घेऊन आलेल्या तानाजीला ठाऊक होते. त्या सकाळी तो पोराला आत बसवायला घेऊन आला, एवढाच त्याचा गुन्हा. श्रीपाद पंतोजी दारात उभे राहून सगळे बघत होते.

वैदूने हात बांधला. तुळसाचा राग मात्र नवऱ्यावरच निघाला.

"पलटणीत बंदुका चालवल्या म्हनता, आन् आज हात पन उचलला नाय?"

"उचलला असता तर मी तुरुंगात गेलो असतो," तानाजी म्हणाला. "आन् पोर मिठागरावर."

दुसऱ्या दिवशी तीच रतनला घेऊन गेली. त्याला आत बसवले आणि स्वतः उंबऱ्याबाहेर बसली, मांडीवर गवताचा विळा ठेवून. पंतोजींनी तिच्याकडे पाहिले, विळ्याकडे पाहिले, आणि हजेरी घेतली.

धाकू दुपारी आला. तिला ओलांडून आत शिरला आणि त्याने रतनचा दंड धरून त्याला ओढले. तुळसाने विळा फिरवला. धाकूचे मनगट हाडापर्यंत चिरले. रक्ताची चिळकांडी त्याच्याच पोराच्या, गोपीनाथच्या पाटीवर उडाली. पोरे किंचाळली. तुळसाने विळ्याचे टोक धाकूच्या गळ्याला लावले.

"पुन्यांदा आलास, तर हितं."

धाकू फिर्याद करायला ठाण्याला गेला नाही. महारणीच्या विळ्याने हात कापला, हे कचेरीत सांगायचे कोणत्या तोंडाने? पण आठवड्याच्या आत तिच्या झोपडीचे छप्पर जळाले. वाटेत दगड येऊ लागले. एका दगडाने तिची भुवई फुटली, तेव्हा पदराने रक्त दाबून धरून ती दिवसभर बसून राहिली. लोकांनी आपली पोरे शाळेतून काढली. महिनाभराने एकेक परत आले, कारण कचेरीतली नोकरी वाचता आल्याशिवाय मिळत नव्हती. गोपीनाथही आला. त्याच्या बापाची दोन बोटे पुन्हा सरळ झाली नाहीत.

तुळसाचे बसणे काही सुटले नाही. पावसाळा सरला, थंडी पडली.

एके दिवशी पंतोजींनी फळ्यावर एक शब्द लिहून गोपीनाथला उभे केले. तो 'फ'पाशीच अडकला. शेजारच्याला विचारले, त्यालाही येईना. रतन ताप येऊन घरी निजला होता, तरी तुळसा आपल्या जागेवर आलेली होती.

"फणस," ती म्हणाली.

सगळा वर्ग वळून बघू लागला. तुळसाने घाईने तोंडावर पदर घेतला. पंतोजींनी फळा पुसला आणि पुढचा शब्द लिहिला, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरांत.