दीपाला सांगायचं राहिलं

चिमणाबाई मगदूम गेल्या ते एकोणीसशे त्र्याण्णव साल. त्यांना दोन मुली. थोरली अक्काताई कोल्हापुरात नांदत होती आणि धाकट्या दीपासाठी स्थळं बघायला नुकतीच सुरुवात झाली होती. चिमणाबाईंना गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. पण जयसिंगपूरच्या घरी कुणी विचारलं, की ‘पोटात गाठ झालती’ एवढंच सांगायचं ठरलं. दीपालाही तेवढंच माहीत होतं. मिरजेच्या दवाखान्यात आईपाशी अक्काताई राहिली होती आणि डॉक्टरांशी सगळं बोलणं तिचंच झालं होतं.

पुढच्या वर्षी दीपाचं लग्न ठरलं. मुलगा तात्यासो, मलकापुरात किराणा दुकान. बघायला आलेल्या सासूनं चहाचा कप खाली ठेवत विचारलं, “आईला काय झालतं म्हणं हिच्या?”

“पोटात गाठ झालती,” अक्काताईनं सांगितलं. सासूनं मान हलवली. विषय तिथंच मिटला.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात अक्काताईची कंबर धरायला लागली, अंगावरून पांढरं जायला लागलं. शेजारणीनं सांगितलं म्हणून ती राजारामपुरीतल्या एका डॉक्टरबाईंकडं गेली. घरात कुणाला काही मोठा आजार होता का, असं बाईंनी विचारलं आणि अक्काताईच्या तोंडून आईचं खरं निघून गेलं. घरच्यांच्या बाहेर कुणाला सांगायची ती पहिलीच वेळ.

बाईंनी तपासणी केली. आठवड्यानं बोलावलं. कॅन्सर नव्हता, पण पिशवीच्या तोंडावरच्या पेशी बिघडायला लागल्या होत्या. थंड गॅसनं तेवढी जागा गोठवून टाकली की झालं, असं बाई म्हणाल्या. तसंच झालं. संध्याकाळच्या भाकरी अक्काताईनं घरी येऊन थापल्या.

त्या दिवशी बाईंनी तिला समोर बसवून नीट सांगितलं होतं.

“हा कॅन्सर एका विषाणूमुळं होतो. तो नवरा-बायकोच्या संबंधातून येतो. लग्न झालेल्या बहुतेक बायकांना कधी ना कधी येऊन जातो, त्यात कुणाचं वागणं वाईट असतं असं नाही. शरीर त्याला आपोआप हुसकावून लावतं. काहीजणींचं लावत नाही. ती हुसकवायची ताकद थोडीफार आईबापाकडून येते, उंची येते, रंग येतो तशी. म्हणून काही घरांत आई आणि मुलगी, नाहीतर बहिणी-बहिणी, अशा दोघींत हा आजार दिसतो. बाहेरच्या देशांत त्याचा अभ्यास चाललाय. अजून सगळं कळलेलं नाही.”

“म्हंजे मला हुणारच हुता?”

“छे. जोखीम जरा जास्त, एवढंच. वेळेत सापडलं की थांबवता येतं. तुमचं थांबवलं ना आपण? बहीण आहे का तुम्हाला?”

“हाय की. मलकापूरला दिलीया.”

“तिला घेऊन या.”

“आणते की बाई,” अक्काताई म्हणाली, आणि तेव्हा ती मनापासूनच म्हणाली होती.

घरी तिनं नवऱ्याला, भुपालला, सगळं सांगितलं. त्याचं लक्ष्मीपुरीत पंपाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता. पण विषाणू आणि संबंध हे शब्द ऐकून त्याचा चेहरा उतरला.

“बरी झालीस न्हवं? मग आता कुठं बोलू नगंस,” तो म्हणाला. “लोक माझ्याकडं बोट करतील. आणि दीपाच्या सासरी कळलं तर? आईचं लपवलं म्हणून तिला जगू देतील व्हय?”

हे दुसरं बोलणं अक्काताईला पटलं. दीपाची सासू तोंडानं फटकळ होती. ‘रोगी घरातली पोरगी गळ्यात मारली’ असं एकदा ती म्हणाली असती, की दीपाला ते जन्मभर ऐकावं लागलं असतं. जरा थांबू, दीपा संसारात घट्ट होऊ दे, मग सांगू, असं तिनं ठरवलं. मनाली, दीपाची मुलगी, तेव्हा अजून पदर धरून चालत होती.

सांगायची वेळ आली नाही असंही नाही. एकदा दिवाळीच्या खरेदीला दीपा कोल्हापूरला आली होती. दोघी महाद्वार रोडवर फिरल्या, साड्या घेतल्या, तळ्याकाठी भेळ खात बसल्या. दीपा खुशीत होती. तात्यासोनं तिला दुकानाच्या गल्ल्यावर बसवायला सुरुवात केली होती. कोणतं गिऱ्हाईक कसं घासाघीस करतं त्याच्या नकला ती करत होती. हसता हसता अक्काताई म्हणाली, “दीपा, माझ्या वळखीच्या एक डॉक्टरीणबाई हायत. उद्या जाऊन येऊया का? नुसतं दाखवून यायचं.”

“मला काय धाड भरलीया?” दीपा भेळेचा कागद चुरगाळत म्हणाली. “तुला बरं न्हाय का काय?”

“मी बरी हाय.”

“मग झालं तर. उद्या सकाळची गाडी गाठायची हाय मला. सासू वाट बघत बसल.”

‘आईला गाठ न्हवती झाली’ एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. ते जिभेवर आलंही होतं. पण दीपा पुन्हा कुणाची तरी नक्कल करायला लागली आणि अक्काताई हसली.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात तात्यासोचा फोन आला. दीपाच्या अंगावरून लाल जात होतं, कितीतरी महिने. पाळी मागंपुढं होत असेल म्हणून तिनं दुर्लक्ष केलं होतं. मलकापुरात गोळ्या घेतल्या होत्या. घरात कुणाला असा आजार होता का, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ‘न्हाय’ म्हणाली होती. ती खोटं बोलत नव्हती. तिला माहीतच नव्हतं.

अक्काताई तिला राजारामपुरीत घेऊन गेली. बाईंनी तपासलं, हात धुतले आणि बराच वेळ पुसत राहिल्या. मग अक्काताईकडं बघून म्हणाल्या, “ही तीच बहीण ना? तुमचा उपचार झाला तेव्हाच हिला आणायला सांगितलं होतं मी.”

दीपानं बहिणीकडं बघितलं. “कसला उपचार?”

आता लपायला आडोसा उरला नव्हता. बाहेरच्या बाकावर बसून अक्काताईनं सगळं सांगितलं. आईचं, स्वतःचं. दीपा ऐकत होती.

शेवटी म्हणाली, “तुझं वेळेत बघितलं म्हणून तू वाचलीस.”

“व्हय.”

“आणि मला भेळ खायला घातलीस.”

अक्काताईनं तिचा हात धरायला हात पुढं केला. दीपानं आपला हात पदराखाली घेतला.

मिरजेला किरणांचे शेक सुरू झाले, मग सलाईनमधून औषधं. अक्काताई तिच्यापाशी राहिली, जशी आईपाशी राहिली होती. दीपा तिच्या हातचं खायची, तिच्या खांद्याला धरून मोरीपर्यंत जायची, पण बोलणं कामापुरतंच. तात्यासोनं अक्काताईला एकदा बाजूला घेऊन विचारलं, “अक्का, तुमी सांगितलं असतंसा तर मी काय हिला टाकलं असतं?” या माणसाला आपण कधी नीट ओळखलंच नाही, सासूच्या तोंडाला भिऊन त्यालाही त्यातच मोजलं, हे तिला तेव्हा कळलं.

एका दुपारी दीपा आपणहून बोलली. “मी तरी आले असते का गं तपासायला? का तुलाच येड्यात काढलं असतं?”

“म्हाईत न्हाय, दीपा.”

“मलाबी म्हाईत न्हाय,” ती म्हणाली आणि कुशीवर वळली. “पण इचारायचं हुतंस.”

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.

दुखवट्याला मलकापुरात बायका जमल्या होत्या. दीपाची सासू रडत म्हणाली, “पोटात गाठ झाली बघा पोरीच्या. नशीब.”

“गाठ न्हवं,” अक्काताई म्हणाली. “गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. आमच्या आईला त्योच झालता. मला हुणार हुता, मी वेळेत दाखवलं. तुमाला मी खोटं सांगितलं हुतं.”

सासू पदर तोंडाला लावून तिच्याकडं बघत राहिली. ओसरीवर पुरुषांत बसलेला भुपाल उठून रस्त्यावर जाऊन उभा राहिला. त्यानंतर कितीतरी दिवस मलकापूरचं घर अक्काताईशी बोललं नाही. जमलेल्यांपैकी एकच बाई पुढं कोल्हापूरला येऊन तपासून गेली, तीही घरी न सांगता.

मनाली पंधरा वर्षांची झाली तेव्हा डॉक्टरबाईंनी नव्या लशीचं सांगितलं. त्या विषाणूवरच निघाली होती, महाग होती. तात्यासो लगेच तयार झाला. दवाखान्यात नंबरची वाट बघताना अक्काताईनं मनालीला सगळं सांगितलं, मोठ्या बाईला सांगावं तसं. लस घेतली तरी लग्नानंतर तपासणी सोडायची नाही, हेही.

“आईला का सांगितलं न्हाईस?” मनालीनं विचारलं.

“भ्याले.”

“कुणाला?”

अक्काताईला एकाचंही नाव सांगता येईना. मग मनालीचं नाव पुकारलं गेलं आणि ती एकटीच आत गेली. बाहेर आल्यावर दंडावर कापूस दाबून ती बापाशेजारी जाऊन बसली. स्टँडवर मलकापूरची गाडी लागेपर्यंत मावशीशी एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या डोसला तात्यासोनं फोन केला नाही; ते दोघे परस्पर येऊन गेले. तिसऱ्याच्या वेळी मात्र मनाली दारात येऊन उभी राहिली. “मावशी, चल,” एवढंच म्हणाली. अक्काताईनं गॅस बंद केला आणि चप्पल घातली.