सातव्या ओळीवरचा नकार

"दोघांची चूक एकाच ओळीत कशी काय?"

सुधाबाईंच्या प्रश्नावर देविदास आणि शिला उभे राहिले. हिंगोलीच्या कॉलेजात संगणकाची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. शेजारशेजारच्या दोन्ही पडद्यांवर, प्रोग्राम तपासणाऱ्या कंपायलरने एकच नकार दिला होता: सातवी ओळ, लूपच्या फेऱ्या मोजणारा आकडा फेरी चालू असताना बदलता येणार नाही.

"आमी बघून न्हाई लिवलं," देविदास म्हणाला. "दोघायला प्रश्नाची चिठ्ठीच एक आली. एक आड एक हजेरी नंबर छापायचे."

दोघं साखरा गावाजवळच्या एकाच बंजारा तांड्यावरचे. वर्षभर मागच्या बाकावर आपल्या बोलीत कुजबुजायचे. बाईंना ती बोली कळायची नाही, आणि न कळलेलं सगळं आपल्याबद्दलच असावं असं वाटायचं.

"तुमीच असं शिकवलं व्हतं, मॅडम," शिला म्हणाली. "तवा चाललं व्हतं."

"माझ्यावर ढकलू नकोस. देविदास, बघून लिहिणारा तूच असशील. बाहेर हो."

देविदासने पेन खिशाला लावलं आणि मान खाली न घालता निघून गेला.

परभणीहून आलेले परीक्षक म्हणाले, "कॉपीचा शेरा मारायचा तर बरोबर उत्तर एकदा चालवून दाखवा, मॅडम."

बाई बसल्या. इतक्या वर्षांच्या सवयीने बोटं आपोआप चालली. मधला नंबर गाळायचा म्हणून त्यांनी फेरीच्या आतच मोजणाऱ्या आकड्यात एक मिळवला आणि बटण दाबलं.

सातवी ओळ. तोच नकार.

यंत्रात कोणीतरी काहीतरी करून ठेवलंय, हाच पहिला विचार आला. त्या उठून पलीकडच्या संगणकावर बसल्या, पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. जुना कंपायलर हे निमूटपणे चालवून घेत होता. दिवाळीत नवा आला, आणि बाईंनी हा प्रोग्राम त्यावर कधी चालवूनच पाहिला नव्हता. शिला बघत होती.

"सर, पोरांनी कॉपी केली नाही," बाई म्हणाल्या. "हे मीच शिकवलंय."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "त्याला बोलवा. दुसरी चिठ्ठी देऊ दोघांना."

देविदास एसटी स्टँडवर, तांड्याकडे जाणाऱ्या सेनगावच्या गाडीजवळ सापडला. बाईंना धाप लागली होती.

"चल. परीक्षा दे."

तो जागचा हलला नाही. "आता काहून बोलावून राहिल्या?"

"चूक माझी होती. सरांना सांगितलंय."

"समद्यासमोर?"

"हो. शिला होती तिथं."

त्याने एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग निघाला, पण बरोबरीने नाही. दोन हात अंतर ठेवून मागून. लॅबच्या दारात बाई बाजूला झाल्या. त्याने चपला काढल्या, आणि आत जाण्याआधी वाकून त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवली, निघायची वेळ आली तर लगेच पायात सरकवता येतील अशी.